पुरचुंडीतला सव्वा रुपया

रोज सकाळी चहाचा कप हातात यायच्या आत मला राणी दिसते. फोनवर. कुणीतरी अनोळखी माणूस राणी व्हिक्टोरियाच्या रुपयाचा फोटो धाडतो आणि खाली लिहितो, ‘काकी, किती?’ नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम किती! फोटोही असा की राणीपेक्षा पाठवणाऱ्याचा अंगठाच जास्त दिसतो. मी उलट लिहिते, ‘मागची बाजू पाठवा. अंगठा नको.’ त्यावर निम्मे लोक गप्प होतात. त्यांना किंमत हवी असते, माहिती नको असते.

माझा धंदा नाण्यांचा नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर उद्यापासून आणखी अंगठे येतील. महाडच्या बाजारपेठेत आमचं भांड्यांचं दुकान आहे. लग्न होऊन आले ती या दुकानातच. आता मुलगा आणि सून बघतात, मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून लुडबुड करते आणि ते दोघं ती सहन करतात. भांड्यांच्या दुकानात नवं भांडं विकणं हा अर्धाच धंदा. उरलेला अर्धा म्हणजे मोड. बूड गेलेला हंडा, पोचे पडलेला तांब्या, दांडी तुटलेली पळी, असलं सगळं लोक पोत्यात भरून आणतात. आम्ही ते तोलून घेतो आणि त्या बदल्यात नवं भांडं देतो. मोड साठली की ती पुढे भट्टीवर जाते, वितळते, तिचं पुन्हा काहीतरी होतं.

एकदा असंच एक पोतं उपडं केलं, तर तळाच्या कचऱ्यात तांब्याचा एक पैसा निघाला. पदराने पुसला. एक दाढीवाला राजा दिसला, डोक्यावर मुकुट, अंगावर भरजरी झूल, आणि त्या झुलीवर इवलासा हत्ती. आता इंग्लंडच्या राजाच्या अंगावर हत्ती कशाला? मी आमच्या ह्यांना विचारलं, ‘हा कोण हो?’ हे काट्यावरून नजर न काढता म्हणाले, ‘कोणीका असेना, तांबं आहे ना? टाक पोत्यात.’

मी टाकला नाही. तिथून माझं जे बिघडलं ते आजतागायत.

त्या हत्तीचा माग काढायला मला बरेच दिवस लागले. गावातल्या इतिहासाच्या एका शिक्षकांनी पुण्याच्या एका जुन्या नाणेवाल्याचा पत्ता दिला. ते गृहस्थ इतके प्रेमळ की एका पोस्टकार्डाला चार पानी उत्तर लिहायचे. त्यांनी कळवलं, हा पाचवा जॉर्ज. त्याचं नाणं पहिल्या वर्षी निघालं तेव्हा हत्तीची सोंड इतकी आखूड कोरली गेली की लोकांना ते डुक्कर वाटलं. राजाच्या छातीवर डुक्कर! लोक भडकले, सरकारने नाणी परत घेऊन वितळवली आणि पुढच्या वर्षी हत्तीला नीट सोंड दिली. त्यातले जे थोडे रुपये लोकांच्या घरात राहून गेले, त्यांच्यामागे आज शौकीन धावतात. माझ्याकडे डुकराचा रुपया नाही. आमच्याच दुकानातून गेलेल्या कुठल्याशा पोत्यात तो असेल आणि भट्टीत गेला असेल, असं मनात आलं की अजून जिवाची घालमेल होते. ह्यांना हे सांगितलं तर म्हणतात, ‘डुकरासाठी रडणारी तू एकटीच.’

तर नाण्याची किंमत कशी ठरते? लोकांना वाटतं, जितकं जुनं तितकं महाग. अहो, तसं असतं तर नदीतला गोटा सगळ्यात महाग असता. नाणं किती जुनं यापेक्षा ते किती उरलंय हे महत्त्वाचं. अठराशे बासष्टचा राणीछाप रुपया घेऊन माणसं धावत येतात, घामाघूम होऊन. आता कसं सांगू त्यांना? टांकसाळीने तीच तारीख पुढे कितीतरी वर्षं तशीच छापली. ते रुपये पायलीचे पन्नास आहेत. दुसरी गोष्ट झीज. राणीच्या कानावरचे केस दिसतात का, झग्यावरची नक्षी दिसते का, हे मी भिंग लावून बघते. तिसरी आणि सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे नाण्यावरचा काळेपणा. तो मळ नव्हे, ते त्या नाण्याचं वय. तो घालवला की शौकीन त्याला हात लावत नाही.

आणि हे आमच्या बायकांना पटवणं म्हणजे! आपल्याकडे कुठलीही वस्तू चार माणसांत न्यायची तर घासूनपुसून नेतात. दासगावच्या एक बाई आल्या, पदराच्या गाठीतून रुपया काढला. असा लखलखीत की दुकानातली स्टीलची वाटी त्याच्यापुढे काळी दिसावी.

‘चिंच लावली, मंग राख लावली, मंग काथ्यानं घासला,’ त्या अभिमानाने म्हणाल्या. ‘तुमच्याकडं आनायचा म्हनून सकाळधरनं बसले व्हते.’

मी कपाळाला हात लावला. ‘अहो बाई, राणीचं नाक गेलं!’

‘नाक गेलं तं गेलं. चांदी हाय ना?’

चांदी होतीच. त्या तो रुपया वाजवून, पुन्हा गाठीत बांधून, मला खुळ्यात काढून गेल्या.

भोकाच्या पैशाचीही एक गंमत सांगते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तांबं कमी पडायला लागलं, म्हणून सरकारने पैशाला मधोमध भोक पाडलं. तो पैसा चलनातून गेला, पण भोकाचा उपयोग काही गेला नाही. उमरठकडच्या एका घरी आम्ही लग्नाची भांडी पोचवायला गेलो होतो. ओटीवर बसून पाणी पिताना माझं लक्ष पडवीच्या पत्र्यांकडे गेलं. प्रत्येक खिळ्याखाली चकती, आणि चकतीवर मुकुट! पाणी तसंच ठेवून मी शिडी मागितली.

घरमालक गोंधळला. ‘काकी, तुमाला वायसर पायजेत?’

‘हो, हेच वायसर पाहिजेत. बदल्यात नवे देते, रबराचे.’

ह्यांनी तोंड फिरवलं. बायको लग्नघरच्या पत्र्यावर चढलीय म्हटल्यावर दुसरं काय करतील? सगळे पैसे गंजून झिजून गेले होते, दोनच धड निघाले. पण त्या गावात पुढे वर्षभर बोलणं झालं की भांडेवाल्या काकीने वायसर नेले, त्या अर्थी ते सोन्याचे होते. मग आजूबाजूच्या वाड्यांतल्या लोकांनी आपापले पत्रे तपासले. त्या वर्षी किती घरं गळली असतील, देव जाणे.

आणि तो तांदूळ ओढणारा पैसा! हे खूळ मधूनच तापासारखं येतं. कुणीतरी उठवलं, कंपनी सरकारच्या काळातला, राम-सीतेचं चित्र असलेला तांब्याचा पैसा ताटात ठेवला की तांदूळ त्याच्याकडे सरकतात, आणि तसला पैसा परदेशी लोक करोडोंना घेतात. कंपनी सरकार राम-सीतेची नाणी कशाला पाडील? देवस्थानांच्या बाहेर विकायला केलेले ते टोकन. पण एक गृहस्थ ऐकेनात. आमच्याच दुकानातलं ताट, त्यात मूठभर तांदूळ, मध्ये तो पैसा, आणि भोवती आम्ही सगळी माणसं श्वास रोखून. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा वाकून बघत होते. न जाणो! तांदूळ ढिम्म हलला नाही. गृहस्थ म्हणाले, ‘कोलम हाय ना ह्यो, म्हनून. आपला गावठी तांदूळ पायजे.’

ही माणसं मला आवडतात. त्यांना हसते, त्यांच्यावर वैतागते, पण आवडतात. हातात नाणं घेऊन आलेला माणूस कधी नुसतं नाणं घेऊन येत नाही. त्याच्यामागे त्याचं काहीतरी अडलेलं असतं. मी किंमत सांगितली की तोंडावरचा उजेड जातो, आणि तो घालवणारी मी असते, एवढंच या छंदातलं मला कधी आवडलं नाही.

गेल्या गणपतीत मात्र असं काही झालं की किंमत राहिली बाजूला.

गौरी-गणपती गेले होते, चाकरमान्यांची परतीची लगबग चालली होती. दुपारी दुकानात दोघं भाऊ आले. धाकटा गणपत आमचं जुनं गिऱ्हाईक. कापडे गावाच्या वरच्या वाडीत त्याची भातशेती आहे. थोरला शांताराम मी पहिल्यांदाच बघितला. मुंबईत एका कंपनीच्या गोदामावर वॉचमन, केस पांढरे झालेले, शर्ट इस्त्रीचा. दोघं एकमेकांकडे न बघता उभे होते, म्हणजे वाटेत भांडण झालेलं होतं.

शांतारामने खिशातून पुरचुंडी काढली. हळदीने पिवळा झालेला फडका, त्यात चांदीचा एक रुपया आणि एक पावली, म्हणजे चार आण्याचं नाणं. घराला रंग काढायचा म्हणून देव्हारा हलवला, तर देवांच्या मागे ही सापडली म्हणे.

‘काकी, फायनल काय ते बोला,’ शांताराम म्हणाला. ‘व्हिडिओत हाच कॉइन दाखवलाय. सेम टू सेम. लाखात जातो.’

‘दादा, ते देवाचं हाय. इकायचं नाय,’ गणपत म्हणाला.

‘देवाचं नाय, देवाच्या मागं व्हतं.’

मी दोघांना बसवलं. पाणी दिलं. मग शांतारामने सगळं सांगितलं. येत्या शिमग्याला तो रिटायर होणार. राहतो ती खोली कंपनीची, ती खाली करावी लागणार. मुलगा-सुनेला घेऊन जायचं कुठे? बदलापूरला एक रूम बघून ठेवलीय, आणि या रुपयावर तिचं सगळं गणित. त्या व्हिडिओवाल्याला फोनही करून झाला होता. तो म्हणाला, आधी फाइलचे पैसे भरा, मग आमचा माणूस घरी येईल.

‘भरलेत?’ मी विचारलं.

‘पगार झाला की भरनार.’

‘एक पैसा भरू नका,’ मी म्हटलं. हा आवाज मी फक्त ह्यांच्यासाठी राखून ठेवलेला आहे, पण त्या दिवशी तो शांतारामवर गेला.

मग भिंग लावलं. सहाव्या जॉर्जचा रुपया, युद्धाच्या वर्षांतला. त्या काळात सरकारने चांदीही निम्म्यावर आणली होती. राजाचा गाल झिजलेला, कड सपाट. काट्यावर ठेवला, वजन बरोबर एक तोळ्याच्या आसपास, म्हणजे नाणं खरं. पावलीही तशीच. मी परत परत बघितलं, कारण मलाच वाटत होतं की काहीतरी निघावं. तारखेखालचं टांकसाळीचं टिंब बघितलं, अक्षरं बघितली. नाही निघालं.

‘नाणी खरी आहेत,’ मी म्हटलं. ‘पण अशी घरोघर आहेत. दोन्हीचे मिळून तुम्हा दोघांचं मुंबईचं एसटीचं तिकीट निघेल.’

‘जायचं का यायचं?’ गणपतने विचारलं. तो खरंच विचारत होता.

‘जायचं.’

शांतारामने फोन काढला, तो व्हिडिओ लावला, न बघताच बंद केला आणि फोन परत खिशात ठेवला. साठीला आलेला माणूस परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखा बसला होता.

काहीतरी करायचं म्हणून मी नाणी परत त्या फडक्यात ठेवायला घेतली. फडक्याच्या घडीत तांदळाचे दोन-चार दाणे चिकटले होते, हळदीत माखलेले. आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. इतका वेळ मी राजाचा गाल बघत बसले होते!

‘गणपत, रुपया आणि पावली मिळून किती?’

‘सव्वा रुपया.’ एवढं बोलून गणपतने हात एकदम मागे घेतला. ‘अरं देवा! दादा, नवस हाय ह्यो!’

आमच्या भागात नवस बोलला की तेवढे पैसे तिथल्या तिथे वेगळे काढतात. हळद-तांदूळ घालून बांधतात आणि देवामागे ठेवतात. मागितलेलं मिळालं की गाठ सोडायची आणि देवाचं देवाला द्यायचं. तोवर तिला हात लावायचा नाही. ज्याच्या हातून गाठ सुटली, नवस त्याच्या गळ्यात. आणि शांतारामने तर ती घरी दात लावून सोडली होती, हे गणपतने तेव्हाच सांगून टाकलं.

आता जी मजा झाली ती बघायला हवी होती! घटकाभरापूर्वी ज्या रुपयावरून दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते, तो आता कुणालाच नको.

‘तू घे, गावातली देवी हाय, तू गावात ऱ्हातोस.’

‘मी न्हाय. थोरला तू हायस.’

‘थोरला म्हनून काय झालं?’

‘गाठ सोडलीस तूच ना?’

‘मी सोडली, पर तू बगत व्हतास ना रे!’

मी हसू दाबत होते, आणि माझं डोकं भलतीकडेच धावत होतं. कोणाचा नवस? कशाचा? नाण्यांची वर्षं तर समोर होती. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, ‘हा तुमच्या आजा-आजीच्या वेळचा नवस. युद्धाच्या काळातला. तेव्हा तुमची आई पाळण्यातसुद्धा नसेल.’

दोघांनी मान हलवली. मग मला सुचलं. ‘आईला विचारलंत का?’

‘कुनाला?’

‘आईला. आहे ना घरी?’

‘हाय की,’ गणपत म्हणाला. ‘पर तिला काय म्हाईत असनार?’

एक पोरगा व्हिडिओवाल्याला विचारून बसला, दुसरा देवीला घाबरून बसला, दोघं मिळून एसटीने महाडला भांडेवालीकडे आले, आणि घरात बसलेल्या आईला कुणी विचारलं नाही! मी दोघांना चांगलं फैलावर घेतलं. उद्या तिला घेऊन या म्हणून सांगितलं. पुरचुंडी उचलायला दोघंही तयार होईनात, ती काउंटरवरच राहिली. संध्याकाळी ह्यांनी बघितलं तर म्हणाले, ‘आतापर्यंत दुसऱ्यांची मोड घरात घेत होतीस, आता नवसही घ्यायला लागलीस का?’ मी ती नव्या कोऱ्या डब्यात ठेवली, आमच्या देवघरात ठेवायचा मलाही धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी तिघं आली. आई पारूबाय, काटकुळी, नऊवारी नेसलेली, एका हाताने गणपतचा दंड धरलेला. दुकानभर भांड्यांकडे बघत आली आणि स्टुलावर बसली. मी डबा उघडून पुरचुंडी तिच्यापुढे ठेवली. तिने ओळखली ते तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

‘गाठ कुनी सोडली?’

‘मी,’ शांताराम म्हणाला.

‘तू?’ ती त्याच्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे. ‘तूच सोडलीस व्हय?’

मला राहवेना. ‘आजी, हा तुमच्या सासूबाईंचा नवस ना? नाण्यांवरून मी यांना काल सांगितलं...’

‘नाय गो बाय, माजा हाय.’

‘पण नाणी तर कितीतरी जुनी...’

‘नानी सासूनं दिलेली. लगनात वटीत घातलेली. नवस माजा.’

घ्या! सगळी हुशारी एका वाक्यात मोडीत. तारीख नाण्याची असते, नवसाची नसते, इतकी साधी गोष्ट इतकी वर्षं भिंग लावून मला दिसली नव्हती. पण तेव्हा लाज वाटायला वेळच नव्हता.

‘कशाचा नवस?’ मी विचारलं.

‘फिटल्याबिगर सांगत नायत.’ तिने फडक्याच्या सुटलेल्या टोकांवरून बोट फिरवलं. ‘पर आता सुटलीच गाठ, मंग काय लपवायचं? ह्यो शाळा सोडून मामाच्या संगं मुंबैला गेला. मिसरूड बी फुटलं नव्हतं. पोलादपूरला जाऊन एसटीत बसवला. घरला येऊन देवीला सांगितलं, माजं पोरगं घरी ऱ्हायला येऊ दे, तुला सव्वा रुपाया आन नारळ देते.’

बाहेर एक टेम्पो मागे घेत होते, त्याची शिटी वाजत होती.

‘मला वाटलं, भात कापायला येल,’ पारूबाय म्हणाली. ‘मंग वाटलं, लगीन झालं की येल. लगीन झालं, तं बायकूला बी घेऊन गेला. मी दर वरसाला देवीला आटवन करायची. बये, आजून सव्वा रुपाया हाय बर का माज्याकडं.’

शांतारामने मान खाली घातली होती. ज्या रुपयावर तो मुंबईत कायमचं राहायला खोली घेणार होता, तो रुपया त्याच्या घरी येण्यासाठी बांधलेला होता.

पारूबाय माझ्याकडे वळली. ‘आता तूच सांग गो. तुला नान्यांची पारख हाय म्हनतात. ह्यो आला. गाठ बी ह्यानंच सोडली. पर आला तो खोली घ्यायला पैसं पायजेत म्हनून आला. ह्याला आला म्हनायचं का? ह्ये देवीला देऊ का परत बांदू?’

आयुष्यात मला इतक्या लोकांनी इतक्या वस्तू पुढे करून किती म्हणून विचारलं, आणि बरं वाईट काहीतरी उत्तर मी दिलंच. तिला काय सांगू? मी डोळे पुसत हंड्यांच्या चळतीमागे गेले आणि उगाच एक झाकण नीट लावत बसले.

शांताराम बोलला तेव्हा त्याचा मुंबईचा सगळा बाज गेला होता.

‘आये, तू मला कवा म्हनालीसच नाय. परत ये म्हनून.’

‘देवीला म्हनत व्हते ना रे.’

‘मला म्हनायचं गो!’

‘कसं म्हनू?’ ती एकदम मोठ्याने म्हणाली. ‘तुजं पैसं येत व्हतं, त्याच्यावर घर चालत व्हतं. तुजा बाप अंथरुनाला खिळलेला, ह्यो गनपा शाळेत. पोराला ये म्हनलं तं चूल कशी पेटनार? कुठल्या तोंडानं म्हनू?’

गणपत दाराकडे तोंड करून उभा होता. त्याची पाठ हलत होती.

‘मी दर वर्षी गनपतीला येतो,’ शांताराम म्हणाला, ‘परत निघताना वाट बगतो, तू आता म्हनशील. तू डब्यात चटनी भरून देतेस आन म्हनतेस, गाडी चुकंल. दर वर्षी तेच. मला वाटलं, तुला मी गेलेलाच बरा.’

एवढी वर्षं पारूबाय देवीपुढे उभी होती, आणि तो तिच्या पुढे.

‘आता चूल माजी गनपा पेटवतो,’ ती हळूच म्हणाली.

‘मंग आता म्हन,’ शांताराम म्हणाला.

पारूबायने फडका गोळा केला, त्याला गाठ न मारता तो तसाच मांडीवर ठेवला, आणि त्याच्या इस्त्रीच्या शर्टाची बाही धरली.

‘ये,’ ती म्हणाली.